पाचवी वाटी

मुख्याध्यापकांना बरण्या आवडल्या नाहीत, आणि दिवस तिथेच नासला.

बरण्या तशा चारचौघांत मिरवण्यासारख्या नव्हत्याच. एक जॅमची, एक ताकदीच्या गोळ्यांची, एक गोंदाची, एकीचं झाकण हरवलेलं म्हणून तोंडाला फडकं बांधलेली, आणि पाचवी तर बरणीसुद्धा नव्हे, थर्मासचं झाकण. विज्ञानाच्या बाईंनी ती सगळी बिनआईबापाची लेकरं गोळा करावीत तशी कुणाकुणाच्या घरून मागून आणली होती. प्रत्येकीच्या बुडाला चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर नाव: मीठ, पिठीसाखर, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, खडूची पूड. बाईंनी पाचही पुडी घोटून घोटून अशा मऊ केल्या होत्या की पाच सख्ख्या बहिणी वाटाव्यात. नुसतं बघून कुणाला थांग लागू नये.

आज सातवीची परीक्षा होती. पेपर नाही, गाळलेल्या जागा नाहीत. समोर पाच पांढऱ्या पुडी, थोडं व्हिनेगर, जांभळ्या कोबीचं पाणी, एक चमचा, एक मेणबत्ती. ओळखा कोण कोण आहे ते. चव न घेता.

परीक्षा मुलांची होती, पण जीव टांगणीला लागला होता बाईंचा. जिन्याखालची ती लांबट खोली, जिला बाई प्रयोगशाळा म्हणत आणि बाकी सगळे 'ती जागा' म्हणत, ती राहणार की जाणार हे आज ठरायचं होतं. खोलीत एक खिडकी होती आणि एक हट्टी नळ, जो आपल्या मर्जीने रडायचा आणि आपल्या मर्जीने थांबायचा. पण पोरं आत शिरली की पाणवठ्यावर पाखरं उतरावीत तसा कलकलाट व्हायचा, आणि मग एखाद्या नळीत रंग पालटला की सगळी पाखरं एकदम गप्प. त्या गप्प होण्यासाठी बाई वर्षभर राबत.

मुख्याध्यापक त्या खोलीत आले की पोरांकडे पाहत नसत. भिंतींकडे पाहत. त्यांना तिथे स्वागतकक्ष करायचा होता. पाहुण्यांसाठी. शाळेत पाहुणे क्वचितच येत, पण मुख्याध्यापकांच्या मते ते स्वागतकक्ष नसल्यामुळेच येत नव्हते. खिडकीखालच्या भिंतीचं माप घेऊन त्यांनी सोफाही सांगून ठेवला होता. आता फक्त वरच्या कचेरीतून येणाऱ्या मूल्यमापक साहेबांनी 'प्रयोगशाळेचा उपयोग दिसत नाही' एवढं लिहायचं बाकी होतं.

साहेबांनी 'कृतीतून शिक्षण' या विषयावर इतकी भाषणं दिली होती की स्वतः काही कृती करायला त्यांना सवड मिळाली नव्हती. नियम मात्र त्यांनी पुष्कळ केले होते. परीक्षा चालू असताना शिक्षकाने साहित्याला हात लावला तर परीक्षा रद्द. पदार्थाची चव घेतली तर शून्य गुण. हे दोन्ही नियम फळ्यावर ठळक लिहून काढायचे, हा तिसरा नियम.

बाई कोबीचं पाणी गाळून आणायला गेल्या, तेवढ्यात मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेत डोकावून पाहिलं.

"मावशी," ते बाहेर बघत ओरडले, "हे उकिरड्यावरचं सामान इथे कुणी मांडलं?"

मावशी म्हणजे शाळेतला चहा, घंटा आणि झाडू या तिन्ही खात्यांच्या प्रमुख. "बाईंनी," त्या म्हणाल्या. "परीक्षा आहे ना."

"साहेब बघतील तर काय म्हणतील? उचला सगळं. माझ्या केबिनमध्ये आणा."

केबिनमध्ये मुख्याध्यापकांनी कपाटातून पाच पांढऱ्या वाट्या काढल्या. स्वागतकक्षासाठी घेतलेल्या. सोनेरी कड, सोनेरी झाकण, पाचही तंतोतंत एकसारख्या. त्यांनी स्वतःच्या हातांनी पाच पुडी पाच वाट्यांत ओतल्या, गोल ताटात फुलाच्या पाकळ्यांसारख्या मांडल्या आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. डोळे भरून आले त्यांचे.

"पण सर, कशात काय आहे?" मावशींनी विचारलं.

"ओळखायचं कुणी? मुलांनी ना? मग चिठ्ठ्या कशाला? उलट चिठ्ठ्या लावल्या तर कॉपी होईल कॉपी." मग त्यांना काहीतरी आठवलं. "आणि हो, साहेबांच्या चहाला साखर यातलीच घ्या. डब्यातली संपलीय, तुम्हीच सकाळी सांगितलंत. ही दाराकडची वाटी साखरेची. लक्षात ठेवा. दाराकडची."

मावशींनी लक्षात ठेवलं. ताट उचलून प्रयोगशाळेत नेऊन ठेवलं. थोड्या वेळाने साहेब आले, केबिनमध्ये बसले, चहाची हाक आली, तेव्हा मावशी प्रयोगशाळेत गेल्या आणि सांगितल्याप्रमाणे दाराकडची वाटी घेऊन आल्या. केबिनचं दार पूर्वेला आणि प्रयोगशाळेचं दार पश्चिमेला, आणि गोल ताटाला कुठलीही बाजू आपलीच वाटते, या गोष्टींचा विचार करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाई कोबीचं जांभळं पाणी घेऊन परतल्या तर बरण्या गायब. ताटात सोनेरी कडांच्या वाट्या. मोजून चार. आणि पाचवीच्या जागी एक गोल रिकामी जागा, दात पडल्यासारखी.

तेवढ्यात केबिनमधून आवाज आला. तो आवाज ओरडण्याचा नव्हता आणि खोकण्याचाही नव्हता. अधिकारी माणूस दचकला तरी इतमामानेच दचकतो, तसला होता.

बाई धावल्या. साहेब कप हातभर लांब धरून बसले होते. कप जवळजवळ रिकामा.

"या चहात काय घातलंय?" ते मुख्याध्यापकांना विचारत होते.

"साखर, साहेब. मी स्वतः घातली. या हातांनी."

"ही साखर नाही. साखर मला कळत नाही का? पहिला घोट बोलताना गिळला, दुसराही गिळला... ही काहीतरी भलतीच चव आहे. घशाशी चिकटतेय."

बाईंनी टेबलावरच्या वाटीकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"सर, ही वाटी ताटातली?"

"हो. दाराकडची."

"कुठल्या दाराकडची?"

मुख्याध्यापकांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी दाराकडे पाहिलं. मग मुख्याध्यापकांनीही दाराकडे पाहिलं, आणि हळूहळू, तव्यावर पाणी आटावं तसा, त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग आटत गेला.

"साहेब," बाई शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या, "त्या पाचांत एक धुण्याचा सोडा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पोटात गेला तर आतून भाजतं."

साहेबांनी कप खाली ठेवला. मुख्याध्यापकांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, मी निघालोच, उलटी काढू नका, आणि मी पोचेपर्यंत नेमकं काय पोटात गेलंय ते शोधून ठेवा. साहेबांनी बायकोला फोन लावला आणि कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगायला सुरुवात केली.

"थांबा," बाई म्हणाल्या, "वाटीतच उरलं असेल की. आत्ता सांगते बघून."

त्या वळल्या तर वाटी लखलखीत. ओली. उपडी. शेजारी कप, बशी, चमचा, किटली, सगळं धुऊन पालथं घातलेलं, आणि मावशी टेबल पुसत होत्या.

"मावशी! धुतलं?"

"आतून भाजतं म्हणालात ना? असलं विष काय ठेवायचं असतं टेबलावर?"

आता उरल्या त्या ताटातल्या चार वाट्या. त्या चार कोण ते कळलं, तर पाचवी कोण ते आपोआप कळणार होतं. बाई धावतच प्रयोगशाळेत आल्या. एव्हाना परीक्षेची वेळ होऊन सातवीची पोरं बाकांवर बसली होती. मागून साहेब, एका हातात फोन, दुसरा पोटावर. त्यांच्या मागे मुख्याध्यापक, दोन्ही हात जोडलेले, नेमके कुणाला ते ठरलेलं नसल्यासारखे.

बाईंनी नळी उचलायला हात पुढे केला.

"बाई, हात नका लावू," पुढच्या बाकावरून आवाज आला. ही मुलगी दर वाक्याला 'पण का?' विचारायची, म्हणून वर्गात तिचं नावच पणका पडलं होतं. "परीक्षा चालू आहे. फळ्यावर लिहिलंय. हात लावला तर रद्द."

"अगं, आता परीक्षेचं काय घेऊन बसलीस..." बाई म्हणाल्या, आणि त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी फळा वाचला. ओठ चावला. कपाळावरचा घाम पुसला. माणूस पोटात काय घेऊन चालला आहे हे माहीत नसतानाही स्वतःचा नियम मोडायला तयार होत नाही, हे त्या वर्गाने त्या दिवशी पाहिलं.

"नियम... आहे खरा," ते क्षीण आवाजात म्हणाले. "मीच केलाय."

"मग आम्ही करतो," पणका म्हणाली. "चार वाट्या, चार गट. एकेक वाटी वाटून घेऊ, लवकर होईल. बाई, म्हणजे साहेबांच्या पोटात काय आहे तेच ओळखायचं ना?"

"हो."

"म्हणजे प्रश्न बदलला?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "तोच आहे. फक्त एक पूड जरा आत गेलीय."

"पण साहेबांनाच विचारा ना, चव कशी होती! खारट होती का, साहेब?"

"खारट... असेल."

"कडू?"

"कडूही असेल. तुरटही असेल." भ्यालेल्या माणसाच्या तोंडाला सगळ्याच चवी एकदम येतात. "आणि चवीवरून ओळखायचं नसतं, पोरी. शून्य गुण मिळतात."

मागच्या बाकावर एक मुलगा आनंदाने चुळबुळत होता. कुठलाही प्रयोग असो, शेवटी स्फोट होईल या आशेवर तो जगायचा. त्याला सगळे धमाका म्हणत. "बाई, धुण्याचा सोडाच असू दे!" तो म्हणाला. "म्हणजे साहेबांच्या पोटात फेस होईल का?"

"तू तुझी वाटी बघ," बाई म्हणाल्या. साहेब स्टुलावर बसले. त्यांच्या हातातल्या फोनचा स्पीकर चालू होता आणि त्यातून बायकोचा आवाज येत होता: "अहो, काय चाललंय? कुणीतरी नीट सांगेल का मला?"

पहिल्या गटाने पूड पाण्यात टाकली, ढवळली आणि सगळे थांबले. पूड खाली बसली, आळशी पाहुण्यासारखी. "विरघळत नाही," गटाचा मुलगा म्हणाला. "खडू."

"खडू बाहेर आहे," साहेब पुटपुटले.

दुसऱ्या गटाची पूड पाण्यात पार नाहीशी झाली. त्यांनी कोरड्या पुडीवर व्हिनेगर टाकलं आणि फस्सकन बुडबुडे उठले. वर्ग 'ओऽऽ' करून उठला, साहेबही उठले.

"बसा सगळे!" बाई म्हणाल्या. साहेबही बसले. "आता? सोडे दोन आहेत."

"कोबीचं पाणी," गटातली मुलगी म्हणाली. वेगळ्या नळीत पूड टाकून तिने वर जांभळं पाणी ओतलं. संध्याकाळ उतरावी तसा नळीत निळा रंग उतरला. "निळं. खाण्याचा सोडा. धुण्याचा असता तर हिरवं झालं असतं."

"खाण्याचा बाहेर," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता घशातून येत नव्हता, कुठून तरी खालून येत होता.

पणकाच्या गटाची पूड विरघळली. व्हिनेगरवर काही नाही. कोबीचं पाणी जांभळं ते जांभळंच. म्हणजे मीठ नाहीतर साखर. तिने चमच्यात चिमूटभर घेऊन तो मेणबत्तीवर धरला. सगळा वर्ग त्या चमच्यावर झुकला. साखर असती तर वितळली असती, तांबूस झाली असती, जळका वास आला असता. पूड तडतडली आणि जशीच्या तशी पांढरी, ढिम्म बसून राहिली.

"मीठ," पणका म्हणाली.

खोली एकदम शांत झाली. तो हट्टी नळसुद्धा गळायचा थांबला. आता दोनच उरल्या होत्या, साखर आणि धुण्याचा सोडा. एक धमाकाच्या वाटीत होती आणि एक साहेबांच्या पोटात.

"अरे, कर ना लवकर!" मुख्याध्यापक ओरडले.

"सर, घाई केली की रीडिंग चुकतं," धमाका म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच सगळी खोली त्याच्याकडे पाहत होती आणि त्याला ते संपवायचं नव्हतं. त्याने पूड घेतली. नीट सपाट केली. व्हिनेगरची बाटली उचलली, तिच्यावरचं लेबल मनात वाचलं, आणि मग सगळीच्या सगळी ओतली.

फेस उसळला. नळीतून वर, नळीबाहेर, टेबलावर, साहेबांच्या फाइलवर. धमाका नाचला. बाईंनी तोंडावर हात ठेवला. शेजारणीने दुसऱ्या नळीत कोबीचं पाणी टाकलं आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. कोवळ्या पानासारखं हिरवंगार.

"धुण्याचा सोडा इथे आहे!" पणका ओरडली. "म्हणजे साहेबांच्या पोटात नाही!"

सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापक भिंतीला टेकले. त्यांच्या सोफ्याच्या भिंतीला. साहेबांनी एक लांब श्वास सोडला, इतका लांब, की पोटात इतका वेळ नुसता श्वासच होता की काय असं वाटावं.

"अहो?" फोन म्हणाला. "काय झालं? कुणीतरी शहाणं माणूस द्या फोनवर."

साहेबांनी काही कळायच्या आत फोन पणकाच्या हातात दिला. मग मात्र त्यांच्या लक्षात आलं, आणि ते हाताने 'नको नको' करू लागले. मुख्याध्यापकही नको नको करू लागले. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. साहेब करत होते म्हणून.

"काकू, घाबरू नका," पणका म्हणाली. "खडू नव्हता, खाण्याचा सोडा नव्हता, धुण्याचा नव्हता, मीठ नव्हतं."

"मग काय होतं, बाळ?"

पणकाने बाईंकडे पाहिलं. साहेब ओठांवर बोट ठेवून उभे होते. त्यांच्या दुसऱ्या हातात मूल्यमापनाचा फेसाळलेला कागद होता आणि त्या कागदावर बाईंची खोली होती. बाईंना ते सगळं दिसलं. वर्षभर त्यांनी या पोरांना एकच गोष्ट सांगितली होती: जे निघालं ते सांगायचं, जे हवं ते नाही. आता ती गोष्ट त्यांच्याच गळ्याशी आली होती. बाईंनी मान हलवली. सांग.

"साखर," पणका म्हणाली.

फोनमधून अगदी हलक्या आवाजात आलं: "अहो. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून मी तुम्हाला कणभर दिली नाही. तुम्हाला तिची चवसुद्धा आठवेना?"

"घशाशी चिकटली गं," साहेब फोनपासून लांबूनच म्हणाले.

"किती चमचे?"

"तीन!" मुख्याध्यापक अभिमानाने पुढे आले. "वहिनी, मी स्वतः घातले. भरून. साहेबांच्या बाबतीत शाळा कधी हात आखडत नाही!"

फोन बंद झाला. त्यानंतरचं साहेबांचं संभाषण घरी व्हायचं होतं, आणि ते त्यांना आत्ताच ऐकू येत असावं. डॉक्टर धापा टाकत पोचले, सगळं ऐकून त्यांनी साहेबांच्या पाठीवर थाप मारली आणि फी न घेताच गेले, हसू आवरायची घाई असल्यामुळे.

जाताना साहेबांनी गुणपत्रक उघडलं. पणकाने हात वर केला.

"साहेब, चव घेतली तर शून्य ना?"

"हो. मग?"

"काही नाही. नियम विचारला."

आठवड्याने अहवाल आला. मुख्याध्यापकांनी तो शिक्षकांच्या खोलीत उभ्यानेच उघडला. बाई दारातच थांबल्या, आत यायचा धीर होईना. अहवालात पोरांच्या तर्काबद्दल एक शब्द नव्हता. फेस सांडला म्हणून नीटनेटकेपणाचे गुण मात्र काळजीपूर्वक कापले होते. इतका सगळा अक्कलहुशारीचा बाजार भरला असताना साहेबांना दिसली होती फक्त ओली फाइल. पण खाली, शेवटच्या ओळींत, एका अपमानित माणसाने जिवाच्या कराराने लिहिलं होतं: 'प्रयोगशाळेत कोणताही धोका आढळला नाही. धोका चहापानाच्या व्यवस्थेत आढळला. सबब नियोजित स्वागतकक्ष कायमचा रद्द करण्यात यावा आणि शाळेत येणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्यास चहा देण्यात येऊ नये.'

मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचणार, तोच बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. सोफा आला होता.

दुकानवाले तो परत घेईनात. एकाच भिंतीच्या मापाने केलेला, दुसरीकडे कुठे मावेना. केबिनमध्ये शिरेना, वरांड्यात ठेवला तर वाट अडवायचा. शेवटी हमालांनी तो जिथलं माप होतं तिथेच, खिडकीखाली, नेऊन ठेवला आणि घाम पुसत निघून गेले.

आता तो तिथेच आहे. मावशींनी कचऱ्याच्या पेटीतून परत आणलेल्या पाच बरण्या, चिकटपट्ट्यांसकट, त्याच्या मखमलीवर ओळीने बसलेल्या असतात. मुख्याध्यापक अधूनमधून येतात, भिंतीकडे पाहतात आणि मग सवयीने सोफ्याच्या मोकळ्या कडेला टेकायला वाकतात.

"सर, तिथे नको," पोरं एकसुरात ओरडतात. "तिथे काहीतरी पांढरं सांडलंय. काय आहे, ते आम्ही अजून तपासलेलं नाही."